‘घाबरण्याचं कारण नाही’

प्रति,
माननीय अध्यक्ष,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई



हे पत्र एका वाक्याविषयी आहे. ‘घाबरण्याचं कारण नाही.’ अणुवीज केंद्रात काही बिघडलं की येणाऱ्या सरकारी निवेदनात हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. कैगा केंद्रात 2009 साली कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात किरणोत्सारी ट्रिटियम मिसळलं गेलं आणि पन्नासहून अधिक जणांच्या शरीरात ते गेलं, तेव्हा होतं. काक्रापारच्या पहिल्या अणुभट्टीत 11 मार्च 2016 रोजी जड पाण्याची गळती झाली, तेव्हाही होतं. हे वाक्य खोटं असतं, अशी माझी तक्रार नाही. या दोन्ही प्रसंगी केंद्राच्या कुंपणाबाहेर कुणाला इजा झाल्याची नोंद नाही. तक्रार अशी आहे की हे वाक्य ऐकणाऱ्याकडून विश्वास मागतं आणि बदल्यात त्याच्या हातावर काहीच ठेवत नाही. आणि ज्या मोजक्या वेळी त्याची खरी परीक्षा झाली, त्या वेळी ते शब्दशः खरं आणि अर्थाने खोटं निघालं. मराठीत याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. लोकांचा अणुऊर्जा खात्यावर विश्वास का नाही, याचं उत्तर नेहमी लोकांच्या अज्ञानात शोधलं जातं. मला ते या सवयीत दिसतं.

फुकुशिमाचंच घ्या. 11 मार्च 2011 ला त्सुनामी आली, 12 तारखेला पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीचं छप्पर उडालं, 14 तारखेला तिसरीचं. त्सुनामीनंतर तीन-चार दिवसांत मुंबईत आपल्या अणुऊर्जा क्षेत्रातल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी पत्रकारांना समजावलं की ही अणुदुर्घटना नव्हे, जे झालं ती निव्वळ रासायनिक अभिक्रिया आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारलंत तर तो म्हणेल, बरोबर आहे. छप्पर उडवलं ते हायड्रोजनने. पण हा हायड्रोजन आला कुठून? इंधनाच्या गोळ्यांवर झिर्कोनियमच्या मिश्रधातूची पातळ नळी असते. थंड करणारं पाणी थांबलं, नळी तापत बाराशे अंशांच्या आसपास गेली की ती वाफेतला ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा होतो. म्हणजे छपरावर दिसलेला स्फोट हीच गाभा जळत असल्याची पहिली उघड खूण होती. आपल्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना ते आपल्यापेक्षा कितीतरी नीट ठाऊक होतं. म्हणूनच ते विधान अधिक खुपतं. महिन्याभरात, 12 एप्रिलला, जपानने ही दुर्घटना सातव्या, म्हणजे चेर्नोबिलच्या पातळीची असल्याचं जाहीर केलं. ‘गाभा वितळला’ हा शब्द ते केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीने मे महिन्यात उच्चारला, आणि तो शब्द टाळण्याची सूचना खुद्द कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांनी दिली होती हे बाहेर यायला 2016 साल उजाडलं. आपण निदान जपानच्या आधी जपानची बाजू घ्यायला नको होती.

दुसरं उदाहरण घरचं. ऑक्टोबर 2019 च्या अखेरीस कुडनकुलम केंद्राच्या संगणकांत घातक सॉफ्टवेअर शिरल्याची बातमी फुटली. 29 तारखेला केंद्राने खुलासा केला: अफवा आहे, नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या कुठल्याही जाळ्याला जोडलेली नाही, तिच्यावर सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी, 30 तारखेला, अणुवीज महामंडळाने सांगितलं की सॉफ्टवेअर सापडल्याची गोष्ट खरी आहे. ते इंटरनेटला जोडलेल्या, कार्यालयीन कामाच्या एका संगणकात होतं. आणि त्याची सूचना 4 सप्टेंबरलाच मिळाली होती. दोन्ही निवेदनं शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यातला शब्दन् शब्द कदाचित बचाव करण्याजोगा आहे, कारण ते फक्त ‘नियंत्रण यंत्रणे’बद्दल बोलतं. पण लोकांनी विचारलेला प्रश्न साधा होता: काही शिरलंय का? त्याचं खरं उत्तर आठ आठवड्यांपासून फायलीत होतं, आणि ते ‘हो’ असं होतं. हल्ल्याने भट्टीचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते एवढंच, की पुढच्या खुलाशात नेमका कोणता शब्द निसटून जाण्यासाठी घातलाय हे लोक शोधू लागले. वकिली कागद वाचतात तसं सरकारी निवेदन वाचायची वेळ आली की विश्वास हा शब्द उरतच नाही.

ही सवय माणसांच्या स्वभावातून आलेली नाही, ती घडणीतून आली आहे. आपलं मंडळ 15 नोव्हेंबर 1983 ला स्थापन झालं ते सरकारी आदेशाने. त्याने उत्तर द्यायचं अणुऊर्जा आयोगाला. आयोगाचा अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा खात्याचा सचिव, आणि वीजकेंद्रं चालवणारं महामंडळ त्याच खात्याखाली. पोराने पेपर लिहायचा, बापाने तपासायचा आणि तक्रार आजोबांकडे करायची, असा हा घरचा कारभार. डॉ. ए. गोपालकृष्णन मंडळाचे अध्यक्ष असताना 1995 मध्ये खात्याच्या केंद्रांमधल्या सुरक्षाविषयक त्रुटींचा एक दस्तऐवज तयार झाला. तो उघड करावा म्हणून नागरिक संघटना कोर्टात गेल्या, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1962 च्या कायद्यातल्या गुप्ततेच्या तरतुदीवर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं. दरम्यान 2000 साली भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मंडळाच्या देखरेखीतून काढून घेण्यात आल्या. 2012 मध्ये कॅगने मंडळाचं परीक्षण केलं तेव्हा दिसलं की स्थापनेच्या आदेशातच सांगितलेलं राष्ट्रीय किरणोत्सर्ग सुरक्षा धोरण तीन दशकं होत आली तरी तयार नव्हतं. देशातल्या 57,443 वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी 52,697 ची मंडळाकडे नोंदणीच नव्हती. आणि नियम मोडणाऱ्याला होऊ शकणारा जास्तीत जास्त दंड होता 500 रुपये. संसदेच्या लोकलेखा समितीने 2013 मध्ये तेच म्हटलं, आणि 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीही मंडळाचं स्वातंत्र्य कायद्यात लिहा असं सांगितलं. जपानमध्ये अणुसुरक्षेची संस्था अणुऊर्जेचा प्रचार करणाऱ्या मंत्रालयाच्याच पोटात होती. तिथल्या संसदेने नेमलेल्या कुरोकावा आयोगाने 2012 मध्ये दुर्घटना मानवनिर्मित ठरवली ती मुख्यतः या मिलीभगतीमुळे. लाटेची उंची हा मुद्दा त्यानंतरचा.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला असा की लोकांना विज्ञान कळत नाही, भावना भडकवल्या जातात. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनाबद्दल हे फार ऐकू आलं. पण तिथल्या माडबन, मिठगवाणे, साखरी नाट्याच्या माणसाला अणुविज्ञान कळत नसेल, तरी सरकारी आश्वासन चांगलं कळतं. त्याचा त्याला अनुभव आहे. याच रत्नागिरी जिल्ह्यात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाबद्दल काय काय सांगितलं गेलं होतं, आणि 1999 मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प 2001 मध्ये बंद कसा पडला, हे कोकणाने जवळून पाहिलं. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे असं शास्त्रज्ञ मानत होते, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना हादरली. सह्याद्री उतरलं की जैतापूर. म्हणून इथल्या माणसाने ‘इथे मोठा भूकंप होणार नाही’ हे ऐकून मान डोलावली नाही, तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे, इतकंच. तेव्हा 9,900 मेगावॅटच्या ठरलेल्या या प्रकल्पासाठी पाच गावांची जमीन गेली, 18 एप्रिल 2011 ला नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मेला, 2013 मध्ये भरपाई हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेली गेली. भाव वाढला. माशांचं, पाण्याचं, पळून जायच्या रस्त्याचं काय, या प्रश्नांची उत्तरं जिथे होती तिथेच राहिली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: प्रत्येक लहानसहान गोष्ट सांगितली तर घबराट माजेल, आणि घबराटीनेच माणसं मरतील. फुकुशिमाचा आकडा खरोखरच या बाजूने बोलतो. किरणोत्सर्गामुळे झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे. घाईघाईत हलवल्यामुळे, विस्थापनाच्या हालअपेष्टांमुळे त्या एका प्रांतात दगावलेले मात्र दोन हजारांहून अधिक, त्यातले बहुतेक वृद्ध. पण हा आकडा नीट वाचला तर तो माहिती दडवण्याच्या विरुद्ध जातो. किरणोत्सारी धुरळा वाऱ्याबरोबर कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी स्पीडी नावाची संगणकप्रणाली जपानकडे होती. तिचे नकाशे वेळेवर लोकांपर्यंत गेले नाहीत. नामिए गावातली माणसं समुद्रापासून दूर, वायव्येला, डोंगराकडच्या त्सुशिमा भागात गेली, शाळांमधून राहिली. धुरळा नेमका तिकडेच वळला होता. आपत्तीत घबराट होते ती माहिती मिळाल्यामुळे कमी आणि माहिती उशिरा, तुकड्यातुकड्याने, दुसऱ्याकडून मिळाल्यामुळे जास्त. पुण्याला हे सांगायची गरज नाही. 11 जुलै 1961 च्या रात्री पानशेतच्या बांधावर जवान वाळूची पोती रचत होते आणि खाली शहराला वेळेवर इशारा मिळाला नव्हता. सकाळी पाणी आलं.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, देशाच्या. अणुऊर्जा म्हटलं की अण्वस्त्रं आलीच, सगळं उघडं कसं करणार? कुंपणावर पहारा किती, कोणती चावी कुणाकडे, हे कुणी विचारत नाही. पण झडप गळाली, नळी फुटली, कामगाराला किरणोत्सर्गाची मात्रा जास्त गेली, हे शत्रूपासून लपवून काय साधतं? अमेरिकेकडे आपल्यापेक्षा खूप जास्त अण्वस्त्रं आहेत. तिथली नियामक संस्था अणुभट्ट्यांमधल्या घटनांच्या नोंदी कामकाजाच्या दर दिवशी प्रसिद्ध करते, त्यात अगदी किरकोळ घटनाही असतात. फ्रान्सही अण्वस्त्रधारी. एप्रिल 2015 मध्ये तिथल्या नियामक संस्थेने जाहीर केलं की फ्लामाँव्हिल इथे बांधल्या जात असलेल्या ईपीआर जातीच्या अणुभट्टीच्या पात्राच्या झाकणाच्या आणि तळाच्या पोलादात कार्बनचं प्रमाण असायला हवं त्यापेक्षा जास्त आढळलं. देशाच्या सगळ्यात प्रतिष्ठेच्या प्रकल्पाबद्दल, सरकारी मालकीच्या उद्योगाबद्दल, नियामकाने स्वतः हे सांगितलं आणि पुढे झाकण बदलण्याची अट घातली. 2007 मध्ये बांधायला घेतलेली आणि 2012 मध्ये सुरू व्हायची ती भट्टी वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये. जैतापूर प्रकल्पात माडबनला लावायच्या सहा भट्ट्या याच जातीच्या. म्हणजे राजापूर तालुक्याला आपल्या भावी अणुभट्टीच्या पोलादाची बातमी मिळाली ती पॅरिसहून. अध्यक्ष महोदय, ती मुंबईहून मिळायला हवी होती, मराठीतून.

गुप्ततेने खात्याचं स्वतःचं किती नुकसान केलं आहे, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. नरोरा अणुवीज केंद्राची गोष्ट घ्या. 31 मार्च 1993 च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या संचाच्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, आग केबलींमधून धावत गेली आणि एकाच वाटेने नेलेल्या मुख्य आणि पर्यायी, दोन्ही केबली जळाल्या. केंद्र सुमारे सतरा तास विजेशिवाय होतं. नियंत्रण कक्षात धूर भरला, तो सोडावा लागला. भट्टी बंद पडली होती, पण पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून काही कर्मचारी बॅटऱ्या हातात घेऊन अंधारात इमारतीच्या वरच्या मजल्यावर चढले आणि हाताने झडपा उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. आग विझवायच्या डिझेल पंपांनी पाणी फिरवत ठेवलं. गाभा वाचला. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली. इतकी थरारक, इतकी अभिमानाची गोष्ट दुसऱ्या कुठल्या देशात शाळेच्या पुस्तकात गेली असती. आपल्याकडे ती चार तज्ज्ञांना आणि चार विरोधकांना माहीत आहे, आणि विरोधकच ती सांगतात. का? कारण ती सांगायची तर दोन्ही केबली एकाच वाटेने का नेल्या होत्या, हेही सांगावं लागतं. लोकांनी ते ऐकून घेतलं असतं, असं मला वाटतं. चूक झाली, ती अशी होती, ती अशी दुरुस्त केली, असं सांगणाऱ्या डॉक्टरवर माणसाचा विश्वास वाढतो; ‘सगळं ठीक आहे’ म्हणत फाइल मिटवणाऱ्यावर नाही.

मी अणुविजेच्या विरोधात लिहीत नाही, हे इथे सांगायला हवं. कोळशाच्या धुराने दर वर्षी जी माणसं जातात त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, आणि विजेच्या दर युनिटमागे मोजलं तर अणुवीज कोळशापेक्षा फार कमी जीव घेते, हे मला मान्य आहे. आपल्या मंडळाच्या वार्षिक अहवालातून दिसतं की केंद्रांभोवतीच्या रहिवाशाला मिळणारी मात्रा वर्षाला एक मिलिसिव्हर्टच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते, आणि निसर्गाकडूनच आपल्याला जगभर सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळत असतात. हा आकडा खरा आहे असंच मी धरून चालतो. पण केंद्रांभोवतालची माती, दूध, मासे यांचे नमुने मोजतात त्या प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या. तेही त्याच खात्यात. आणि अहवाल इंग्रजी-हिंदीत. तारापूर अणुकेंद्राशेजारच्या घिवली-उच्छेळीच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला गिऱ्हाइकाने विचारलं, ‘तारापूरचं पाणी लागलेलं नाही ना?’ तर तिच्याकडे दाखवायला एक कागदही नसतो. आकडा आहे, चांगलाही आहे. तो ज्याच्या पोटाशी संबंधित आहे त्याच्यापर्यंत तो गेलेला नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा संमत केला. 1962 चा अणुऊर्जा कायदा गेला, 2010 चा दायित्वाचा कायदा गेला, खासगी कंपन्यांना वीजकेंद्रांचं दार उघडलं, यंत्रं पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याची वाट अरुंद झाली. आज नऊ गिगावॅटच्या आसपास असलेली क्षमता 2047 पर्यंत 100 वर न्यायची आहे. आणि या सगळ्यात आपल्या मंडळाला पहिल्यांदाच कायद्याचा दर्जा मिळाला. बेचाळीस वर्षं जी सबब सांगता येत होती, की आम्ही आदेशाने जन्मलेले, आमचे हात बांधलेले, ती आता उरली नाही. यापुढे भट्टी चालवणारा सरकारी अधिकारीच असेल असं नाही. नफ्यातोट्याचा हिशेब ठेवणारी कंपनीही असेल. ‘घाबरण्याचं कारण नाही’ हे तिलाही म्हणता येईल, आणि ती ते जाहिरातीइतक्या सफाईने म्हणेल. तेव्हा लोक कुणाकडे बघतील? आपल्याकडे. त्या क्षणी आपल्या शब्दाला किंमत असायची असेल तर ती आतापासून कमवावी लागेल.

म्हणून मागणं लहान आहे. कुठल्याही केंद्रात नोंद घेण्याजोगी घटना घडली की चोवीस तासांत आपल्या मंडळाने, चालवणाऱ्याने नव्हे, स्वतः ती सांगावी: काय झालं, किती वाजता, मोजणी किती, नेहमीची किती, अजून काय माहीत नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ते त्या राज्याच्या भाषेत असावं. फ्रान्समध्ये प्रत्येक अणुकेंद्राभोवती निवडून आलेले प्रतिनिधी, कामगार संघटना आणि पर्यावरणवादी यांची स्थानिक माहिती समिती असते आणि तिला कायद्याचा आधार आहे. तशी एक तारापूरसाठी पालघर जिल्ह्यात नेमावी, त्यात दांडी-उच्छेळीचे मच्छीमार असावेत, आणि त्यांच्या मासळीचे नमुने खात्याबाहेरच्या एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही मोजले जावेत. आपत्कालीन नियोजनाच्या 16 किलोमीटरच्या वर्तुळातल्या प्रत्येक घरात मराठीत एक पान असावं, भोंगा वाजला तर कुठल्या रस्त्याने जायचं ते सांगणारं. सराव होतात, हे ठाऊक आहे. ते बहुतेक अधिकाऱ्यांचे असतात.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 पासूनच्या आहेत, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीपेक्षाही जुन्या, आणि तिच्याच जातीच्या, उकळत्या पाण्याच्या. आपल्या नियामक भवनापासून त्या शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहेत. सुरुवात तिथूनच करावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक वीजग्राहक